वेलांटी कुणाची

रेघोटे सरांचं खरं आडनाव शाळेत फक्त हजेरीच्या मस्टरवर उरलं होतं. पोरांनी त्यांना रेघोटे केलं, मग शिक्षकांनी, मग शिपायाने, आणि एकदा तर त्यांच्या बायकोनेही शाळेत फोन करून "रेघोटे सर आहेत का?" असंच विचारलं. ते चित्रकलेचे मास्तर होते. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी न लावता, एका दमात सरळ रेघ मारून दाखवायचे, म्हणून रेघोटे. शाळेत येण्याआधी बारा वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पुढे पाट्या मशीनवर छापून मिळायला लागल्या, ब्रश डब्यात वाळून गेले, आणि माणूस परीक्षा देऊन मास्तर झाला. सवयी मात्र जुन्याच राहिल्या. एक म्हणजे कुठल्याही गोष्टीकडे टक लावून बघायचं, आणि दुसरी म्हणजे "हे असं का?" असं भेटेल त्याला विचारायचं. या दुसऱ्या सवयीमुळे स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असायची.

तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि शाळेत जे काम कुणालाच नको असतं ते चित्रकलेच्या माणसाकडे येतं, या नियमाने भाषेचे तास रेघोटे सरांच्या गळ्यात पडले.

"मला अक्षरं काढता येतात, बाई. शिकवता येतील की नाही, देव जाणे," ते मुख्याध्यापिकेला म्हणाले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे.

"तिसरीला तेवढं पुरतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि वेळापत्रकावर सही केली. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

पहिल्याच तासाला टकळी भेटली. ही तिसरीतली मुलगी. हिचं तोंड सकाळी सुरू झालं की शाळा सुटल्यावरही बंद होत नसे, म्हणून टकळी. तिचा वाचायचा नंबर आला. ती ऐटीत उठली, पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला. एक शब्द चुकली नाही. रेघोटे सर खूश होऊन तिच्या बाकाजवळ गेले, तर पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. त्या पानावर धडा नव्हताच, आंब्याच्या झाडाचं चित्र होतं.

वर्गात कुणीही हसलं नाही. पोरांना हे रोजचंच होतं.

दुसरा एखादा असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. रेघोटे सरांनी पान उलटलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा वाच बघू."

टकळी पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, "किवता."

शब्द होता कविता.

"आणि हा?"

"मिहना."

शब्द होता महिना. आता वर्ग हसला. सरांनी तिसरा शब्द दाखवला, दिवस. त्यावर टकळी बराच वेळ अडली, ओठ दोनदा हलले आणि शेवटी हळूच बाहेर पडलं, "इदवस."

रेघोटे सरांनी खिशातल्या चिठोऱ्यावर तिन्ही उत्तरं लिहून घेतली. चुका तर चुका, पण तिन्ही चुका एकाच घरच्या दिसत होत्या. हे असं का?

मधल्या सुट्टीत त्यांनी मोठ्या बाईंकडे विषय काढला, तेव्हा कळलं की पोरीचा निकाल जवळजवळ लागलेलाच आहे. "दोन वर्षं पाठांतरावर ढकलली गाडी," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता नाही. सहामाहीच्या शेवटी तिच्या आईसमोर एक धडा वाचायला लावणार. दहा चुका माफ. अकरावी झाली की सोमवारपासून दुसरीत."

"दुसरीत तर तिचा भाऊ आहे ना?"

"आहे. हुशार आहे तो. तिला मदतच होईल."

टकळीचं मत वेगळं होतं. सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तो माझ्याहून दीड वर्षाने लहान आहे, सर. मी त्याचं नाक पुसलंय. आता तो माझ्या बाकावर बसणार, आणि घरी जाऊन आईला सांगणार की ताईला आज काय काय आलं नाही. त्यापेक्षा मी शाळाच सोडते." हे ती हसत हसत म्हणाली, पण दप्तराचा पट्टा तिने इतका पिळला होता की बोटं पांढरी पडली होती.

रेघोटे सरांनी आधी सगळे चुकीचे उपाय केले. हे सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी त्यांना फार शहाणं ठरवलं. डोळे अधू असतील म्हणून त्यांनी टकळीला डॉक्टरकडे पाठवलं. तिची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला. तिचा अर्धा दिवस गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं की पोरगी पलीकडच्या इमारतीवरच्या पाली मोजून दाखवेल. मग सरांनी 'कविता' पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं. टकळीने पन्नास वेळा लिहिलं, मोत्यासारखं अक्षर, आणि खाली बोट ठेवून वाचलं, "किवता." पालथ्या घड्यावर पाणी. पण सरांना वाटू लागलं की घडा पालथा नसून आपणच भलत्या बाजूने पाणी ओततोय.

त्या आठवड्यात ज्याची गाठ पडेल त्याच्या हातात ते पेन देऊ लागले. "गणित लिहा बघू." शिपायाने लिहिलं. आधी ग, मग ण, आणि मग दोघांच्या मध्ये कशीबशी जागा करून वेलांटी कोंबली. ग्रंथालयाच्या बाईंनी ग लिहिला, मग वेलांटी, मग तिच्या कुशीत ण. पीटीच्या सरांनी वेलांटीच दिली नाही. वर म्हणाले, "समजून घ्या."

घरी बायकोला लिहायला लावलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि उभ्या जन्मात कुठल्याही डॉक्टरच्या अक्षरापुढे तिने हार मानली नव्हती.

"वेलांटी आधी काढलीस तू," रेघोटे सर म्हणाले.

"मग काय उद्या काढू?"

"अगं, पण बोलताना ती नंतर येते. ण म्हणतेस, मग इ म्हणतेस. लिहिताना मात्र आधी. मी बारा वर्षं पाट्या रंगवल्या, माझ्या कधी डोक्यात आलं नाही."

"कुणाच्याच येत नाही. कोण बसलंय एकेक अक्षर वाचत? लोकांना वाटतं मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचते. मी कुठली वाचते! पहिलं अक्षर बघायचं, शेवटचं बघायचं, समोरचा कसा खोकतोय ते बघायचं आणि ओळखायचं. तुमची ती पोरगी ओळखत नसेल, खरोखर वाचत असेल बिचारी."

रेघोटे सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी चिठोरं काढलं. क, मग वेलांटीची काठी, मग व. पोरगी डावीकडून निघते, वाटेत क भेटतो, पुढे काठी भेटते, म्हणजे काठी क ची. कि. मग व. किवता. 'दिवस'मध्ये काठीच्या आधी कुणी नाहीच, म्हणून ती अडते आणि नुसताच इ म्हणते. चूक कसली, हिशोब चोख होता! ती जे लिहिलंय ते जसं लिहिलंय तसंच वाचत होती. बाकीची तीस पोरं अंदाजपंचे दाहोदरसे करून पुढे जात होती आणि हुशार ठरत होती. सरांना त्या क्षणी मोठ्या बाईंचाही राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

कारण कळलं म्हणून उपाय सापडतो असं नाही. तो सापडला टकळीलाच. सरांनी पुठ्ठ्यावर ब्रशने वीतभर उंचीचा 'वि' रंगवला होता. चित्रकलेच्या तासाला तो तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हे अक्षर आहे हे विसर. चित्र आहे. काय दिसतं सांग."

टकळीने मान इकडे केली, तिकडे केली. "एक बाई उभी आहे. तिच्यापुढे एक पोर आहे. बाईने पोराच्या डोक्यावर हात ठेवलाय."

"कोणती बाई?"

"ही काय, काठीसारखी. वरून हा हात."

रेघोटे सरांनी आयुष्यात हजारो वेलांट्या रंगवल्या होत्या. त्या वरच्या वळणाला रंगाऱ्यांच्या भाषेत कमान म्हणत. तो हात आहे आणि तो कुणाच्या तरी डोक्यावर आहे, हे त्यांना बावन्नाव्या वर्षी आठ वर्षांच्या पोरीकडून कळलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या हातात ब्रशच देऊन टाकला.

"मग आता 'कविता' बघ. काठी कुठे उभी आहे ते बघूच नकोस. हात कुणाच्या डोक्यावर आहे?"

टकळीने पुस्तक नाकाला लावलं. "व च्या." थोडा वेळ गेला. "म्हणजे पोर व आहे. वि. क... वि... ता." ती थांबली, तिने सरांकडे पाहिलं. "कविता? हीच ती कविता?"

"हीच ती."

"मग आजवर कुणी सांगितलं का नाही?" टकळी चिडून म्हणाली, आणि तिचं म्हणणं रास्त होतं.

इथून पुढे गाडी भरधाव सुटली असं कुणाला वाटत असेल तर त्याने मुलं शिकवलेली नाहीत. अक्षरं एकवेळ सुटी सुटी वश होत, पण ओळीत उभी राहिली की पुन्हा दंगा. एका ओळीवरून डोळा घसरून खालच्या ओळीवर जाई. तेव्हा सरांनी पुठ्ठ्यात एक लांबट खिडकी कापली. पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकी सगळं झाकलेलं. ती फक्त टकळीला दिली, ही आणखी एक घोडचूक. दोन दिवसांत पोरांनी तिला "खिडकीवाली" म्हणायला सुरुवात केली आणि तिने पुठ्ठा फाडून टाकला. मग सरांनी एका रविवारी बसून एकतीस खिडक्या कापल्या आणि सगळ्या वर्गाला वाटल्या. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर चिडवणार कुणाला? उलट, वर्गातल्या सात-आठ पोरांचं वाचन त्याने सुधारलं, ज्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रारच नव्हती. एका मुलाला एका जागी बसवत नसे, त्याला सरांनी मागे खिडकीशी उभं राहून वाचायची मुभा दिली. प्रश्नांची उत्तरं ज्याला लिहायची त्याने लिहावी, ज्याला बोलायची त्याने कानात येऊन सांगावी. तास जरा बाजारासारखा दिसू लागला. शेजारच्या वर्गातून तक्रार आलीच.

टकळीबरोबर ते रोज शाळा भरायच्या आधी दहा मिनिटं बसत. दहा म्हणजे दहाच. मुंगीच्या पावलांनी ती पुढे सरकत होती आणि काही दिवस तर मागेही. एकदा तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "पाठ करणं सोपं होतं, सर. तेव्हा सगळे शाब्बास म्हणायचे." रेघोटे सरांनी मिटलेलं पुस्तक परत उघडलं नाही. ते फक्त तिच्याजवळ बसून राहिले, आणि त्यांना वाईट वाटलं.

चाचणीच्या आधी ते मोठ्या बाईंकडे गेले. "वर्गासमोर नको, आणि घड्याळ लावून नको. आणि खिडकी वापरू द्या."

"एकीला एक माप आणि बाकीच्यांना दुसरं?"

"माप तेच ठेवा, बाई. दहाच चुका. अक्षरं तीच, धडा तुम्ही निवडाल तो. मी मापाला हातच लावत नाही. वेळ तेवढा द्या."

मोठ्या बाईंनी टेबलावरचं वेळापत्रक बाजूला सारलं. त्या कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. "ठीक. शब्द चुकून स्वतःच दुरुस्त केला तर तोही धरणार नाही. पण सर, मला एकच भीती आहे. तिचे कान फार तयार आहेत. तुम्ही वर्गात वाचलेलं ती पुन्हा म्हणून दाखवेल आणि आपण म्हणू, वाचलं."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात चौघं जमली. टकळीची आई दुकानातून तशीच आली होती, इस्त्रीच्या वाफेने चेहरा लाल, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मोठ्या बाईंनी स्वतःचं जुनं, कव्हर घातलेलं पुस्तक काढलं, हातात पेन्सिल घेतली आणि टकळीला धडा सांगितला. हरवलेल्या घंटेचा. राजवाड्याची घंटा हरवते, सगळा दरबार शोधतो, आणि शेवटी ती म्हाताऱ्या माळ्याला पाखराच्या घरट्यात सापडते, अशी गोष्ट. सहामाहीचे सगळेच धडे वर्गात झाले होते, ही गोष्टही रेघोटे सरांनी दोनदा वाचून दाखवली होती. म्हणजे टकळीच्या कानात ती पक्की बसलेली असणार, हे आई सोडून तिघांनाही ठाऊक होतं.

टकळीने आपलं पुस्तक उघडलं, खिडकी पहिल्या ओळीवर ठेवली आणि सुरू केलं. घडाघडा नाही. एकेक शब्द, मध्ये मोठाले खड्डे. तीन शब्दांवर ती अडखळून घसरली, पेन्सिलीच्या तीन रेघा पडल्या. दुसऱ्या परिच्छेदात आणखी चार. आईला वाचता येत नव्हतं, ती रेघा मोजत होती. पान उलटेपर्यंत नऊ झाल्या, आणि पलीकडे तीनच ओळी उरल्या असताना दहावी. रेघोटे सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"घं-टा... पाहून... सगळे... द-र-बा-री..." टकळी थांबली. बोट मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. "चि-क-त. चिकत झाले."

मोठ्या बाईंची पेन्सिल खाली आली. अकरा.

रेघोटे सरांनी मनातल्या मनात शब्द जुळवला. चकितचं चिकत! काठी मागच्या अक्षराला बहाल केलेली, पहिल्या दिवशीचीच ती चूक, कवितेची किवता. अडीच महिने पाण्यात. आईला शब्द कळला नाही, पण रेघ कळली. तिने पदर तोंडाशी धरला.

"चकित, बाळा," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "सगळे दरबारी चकित झाले. सरांनी वाचून दाखवलं होतं ना वर्गात?"

टकळी माणसांची तोंडं वाचण्यात लहानपणापासून पटाईत. समोरच्याला काय हवंय ते ओळखून ती आजवर तेच म्हणत आली होती. ती आता मोठ्या बाईंकडे बघत होती, आईकडे बघत होती, आणि मग तिने पुन्हा खाली खिडकीतून पाहिलं.

"सर चकितच म्हणाले होते," ती म्हणाली. "मलाही माहितीय चकित. पण इथे चिकत आहे. हात च च्या डोक्यावर आहे, बाई."

रेघोटे सर उठले. त्यांनी वाकून पुठ्ठ्याच्या फटीत पाहिलं. काठी आधी उभी होती, तिच्यापुढे च, आणि हात च च्या डोक्यावर. क बिचारा पलीकडे उघडाबोडका. छापणाऱ्याने वेलांटी एक घर अलीकडे बसवली होती. जुनी चूक असती तर पोरगी 'इचकत' म्हणाली असती. तिने बरोबर वाचलं होतं. चुकीचा छापलेला शब्द तिने अगदी बरोबर वाचला होता, आणि दोनदा वर्गासमोर वाचणाऱ्या रेघोटे सरांनी तो बघितलाही नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात बघा."

मोठ्या बाईंनी पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. शब्दावर बोट ठेवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका होण्याआधी अकरा वर्षं मी हा धडा शिकवला. दरवर्षी तीस-बत्तीस मुलं. एकानेही..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. खणातून खोडरबर काढला आणि अकरावी रेघ पुसली. नीट, मागे काही राहू नये अशी पुसली.

"दहा," त्या आईला म्हणाल्या. "ती तिसरीतच राहील. झालं, बस आता."

आईने डोळे पुसले. रेघोटे सर परत खुर्चीत टेकले. टकळी मात्र बसली नाही.

"एक ओळ राहिलीय, बाई."

"राहू दे गं. पुरे झालं."

"नको. मग तुम्ही म्हणाल, पाठ होतं."

आयुष्यात पहिल्यांदा रेघोटे सरांना वाटलं की पोराने वाचू नये. दहा झाल्या होत्या, एक शब्द घसरला की पुन्हा अकरा. त्यांनी डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पण टकळीचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे नव्हतंच. तिने खिडकी एक ओळ खाली सरकवली.

"मा-ळी... मात..." ती थांबली. मोठ्या बाईंची पेन्सिल टेबलावरच पडून होती. टकळीचं बोट परत मागे गेलं. "मा-त्र. मात्र. माळी मात्र... खाली मान घालून... झा-डां-ना... पाणी... घा-लू... ला-ग-ला."

तिने पुस्तक मिटलं. बाहेर शिपाई वर्गांना कुलपं लावत निघाला होता, त्याचा आवाज येत होता.

आई खुर्चीतून अर्धवट उठली. "बाई," तिने विचारलं, "हे तिने पाठ म्हणून दाखवलं, की वाचलं?"

"वाचलं," मोठ्या बाई म्हणाल्या.